दोन मैदानांचा गडी

गेल्या नवरात्रांत, पांचव्या माळेच्या दिवशीं, आमच्या सदाशिव पेठेंतल्या बिऱ्हाडीं एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वय पन्नाशीला टेकलेलें, कानशिलांवरचे केस पिकलेले, आणि बरोबर चौदा वर्षांची कन्या. चहापाणी झाल्यावर गृहस्थानें मुद्दा काढला. मुलगी सकाळीं शाळेच्या संघांतून खो-खो खेळते आणि सायंकाळीं क्रिकेटच्या सरावास जाते. दोन्हीकडचे शिक्षक म्हणतात कीं, पोरीच्या अंगांत गुण आहे. आणि दोघेही असेंही बजावतात कीं, नांव काढावयाचें असेल तर दुसरा खेळ आतांच सोडला पाहिजे.

"सर, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "हिला कोणता खेळ सोडायला सांगूं?"

प्रश्न साधा होता, तरी तो ऐकून आमची मान खालीं गेली. त्याचें कारण वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सुमारें चौतीस वर्षांपूर्वीं हाच गृहस्थ आमच्या वर्गांत नववीस होता. खांबावर सूर मारून पळता गडी टिपण्यांत त्याचा हात धरणारा शाळेंत कोणी नव्हता. आणि फिरकी गोलंदाजीही तो अशी टाकी कीं, वरच्या वर्गांतले फलंदाज चकत. गणितांत मात्र त्या वर्षीं त्याचे गुण घसरले. आम्ही तेव्हां तिशींतले. उपदेशाची हौस दांडगी. आम्हीं त्यास बोलावून सांगितलें कीं, दोन डगरींवर हात ठेवणारा मधल्यामधें पडतो, तेव्हां एक खेळ सोड. आम्हांस क्रिकेटची आवड, म्हणून त्यानें खो-खो सोडला. तोच त्याचा अधिक लाडका खेळ होता, हें आम्हांस पुढें कळलें. वर्षभरांत तो क्रिकेटच्या मैदानावरही दिसेनासा झाला. गणिताचे गुण होते तेथेंच राहिले.

त्याच माणसानें तोच प्रश्न आपल्या मुलीसाठीं आम्हांसच विचारावा, यांत त्याची श्रद्धा होती आणि आमची परीक्षा होती. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत ज्या एका खेळाडूच्या चरित्राचा आम्हीं विचार केला, तें येथें थोडक्यांत मांडीत आहों. कारण हा प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा असेल, असें आम्हांस वाटतें.

हा खेळाडू म्हणजे मायकेल जॉन नाइट स्मिथ. क्रिकेटच्या जगांत त्यांस एम्. जे. के. या आद्याक्षरांनींच ओळखतात. इंग्लंडच्या पुरुष खेळाडूंत रग्बी आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत देशाचें प्रतिनिधित्व करणारे ते शेवटचे. त्यांच्यानंतर हा दुहेरी मान त्या देशांत कोणासही मिळालेला नाहीं.

क्रिकेट आपल्या वाचकांस सांगावयास नको. रग्बीविषयीं मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा गडी, आणि चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो हातांत घेऊन धांवावें, परंतु सोबत्यास द्यावयाचा तर हातानें पुढें फेंकतां येत नाहीं. मागें किंवा बाजूसच द्यावा लागतो. प्रतिपक्षाचा गडी येऊन कंबरेस विळखा घालतो आणि भुईवर लोळवितो. आमच्या हुतुतूंतली पकड आणि आट्यापाट्यांतली हुलकावणी एकत्र कालवली तर जें होईल, त्याच्या जवळपास हा खेळ जातो. दोन्ही संघांचे धिप्पाड गडी खांद्यास खांदा लावून रेटारेटी करितात; त्या घोळक्यांतून चेंडू बाहेर काढणारा एक गडी असतो, आणि त्याच्याकडून तो घेऊन पुढची चाल ठरविणारा दुसरा. या दुसऱ्यास फ्लाय-हाफ म्हणतात. ताकदीपेक्षां डोळा आणि डोकें लागतें तें याच जागीं. स्मिथ हे फ्लाय-हाफ होते.

हा खेळ आपल्यास अगदींच परका आहे, असेंही नव्हे. कलकत्त्याच्या युरोपियन लोकांनीं 1873 मध्यें स्थापिलेला रग्बीचा क्लब थोड्याच वर्षांत मोडला, तेव्हां त्यांनीं पेढींतले शिल्लक रुपये काढून वितळविले आणि त्या चांदीचा एक चषक घडविला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झांकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड हे देश 1879 पासून याच कलकत्ता चषकासाठीं झुंजत आले आहेत. आमच्याच पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांनीं भारताच्या महिला रग्बी संघाचें नेतृत्व केलें आहे, हेंही येथें अभिमानानें नमूद करितों.

स्मिथ यांचा जन्म 30 जून 1933 रोजीं लिस्टर येथें झाला. शाळा स्टॅमफर्डची आणि पुढें ऑक्सफर्ड विद्यापीठ. तेथें त्यांनीं जें केलें, तें आमच्या शिक्षकबंधूंनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचा वार्षिक क्रिकेट सामना तेव्हां लॉर्ड्सवर होत असे. स्मिथ यांनीं 1954 मध्यें त्यांत नाबाद 201 धांवा केल्या, 1955 मध्यें 104 आणि 1956 मध्यें 117. लागोपाठ तिन्ही वर्षीं शतक! आणि हीं शतकें उन्हाळ्यांत काढणारा हाच विद्यार्थी हिंवाळा आला कीं रग्बीच्या चिखलांत उतरे. ऑनल्विन ब्रेस नांवाचा एक वेल्श विद्यार्थी घोळक्यांतून चेंडू काढी आणि स्मिथ तो घेऊन चाल करीत. ऑक्सफर्डची ही जोडी त्या काळीं फार गाजली.

जानेवारी 1956 मध्यें ट्विकनहॅमच्या मैदानावर इंग्लंड व वेल्स यांची गांठ पडली. स्मिथ यांस इंग्लंडनें निवडलें, आणि ब्रेस यांस वेल्सनें. दोघांचाही तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. काल ज्याच्या हातून चेंडू घ्यावयाचा, तोच आज समोर उभा! वेल्सनें 8 विरुद्ध 3 गुणांनीं सामना जिंकला. ब्रेस पुढें वेल्सकडून आणखी खेळले. स्मिथ यांस मात्र इंग्लंडच्या रग्बी संघांत पुन्हां जागा मिळाली नाहीं. त्यांची आंतरराष्ट्रीय रग्बी एका दुपारची.

कोणी म्हणेल, येथेंच सिद्ध झालें कीं दोन खेळ एकमेकांचा घात करितात. पण त्याच 1956 च्या उन्हाळ्यांत त्यांनीं केंब्रिजविरुद्धचें तिसरें शतक काढलें; पुढच्याच वर्षीं वॉरिकशायर परगण्यानें त्यांस आपला कर्णधार केलें; आणि 1959 च्या एका हंगामांत त्यांनीं 3245 धांवा केल्या. एका हंगामांत तीन हजारांचा पल्ला त्यानंतर बिल ॲली यांनीं 1961 मध्यें गांठला. पुढें कोणासही तें साधलेलें नाहीं. रग्बीनें त्यांच्या क्रिकेटचें कांहीं हिरावून घेतलें असेल, असें या आंकड्यांवरून तरी दिसत नाहीं.

चष्मा लावून खेळणारा हा शांत मनुष्य 1958 मध्यें न्यूझीलंडविरुद्ध कसोटी संघांत आला. पुढच्या वर्षीं मँचेस्टर येथें त्यांनीं पहिलें कसोटी शतक काढलें, तें आपल्याच संघाविरुद्ध. त्या सामन्यांत आपल्या अब्बास अली बेग यांनींही पदार्पणांतच 112 धांवा केल्या होत्या. स्मिथ एकूण 50 कसोटी सामने खेळले, त्यांपैकीं 25 सामन्यांत कर्णधार होते. तीन शतकें आणि 2278 धांवा, हा त्यांचा कसोटींतला हिशेब. तो थोर फलंदाजांच्या पंक्तींत बसविणारा नव्हे, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु 53 झेलही त्यांच्या नांवावर आहेत, आणि त्यांतले कित्येक शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बॅटीपासून चार हातांवर उभें राहून घेतलेले. त्या काळीं तेथें शिरस्त्राण नसे. भुईवर लोळण्याची भीति रग्बीनें ज्याची मोडली, त्यासच ती जागा अशी मानवावी, असें आम्हांस वाटतें.

आतां आमच्या वाचकांच्या ओळखीचा भाग. 1963-64 च्या हिंवाळ्यांत स्मिथ इंग्लंडचे कर्णधार म्हणून हिंदुस्थानांत आले. आम्ही तेव्हां पाळण्याबाहेर नुकतेच पडलेलों. पण आमचे वडील त्या मालिकेची गोष्ट पुढें कित्येक वर्षें सांगत. मद्रासच्या पहिल्याच सामन्यांत बापू नाडकर्णी यांनीं 32 षटकें टाकलीं, त्यांतलीं 27 निर्धांव, आणि दिल्या धांवा अवघ्या पांच. लागोपाठ 21 षटकें त्यांनीं एकही धांव दिली नाहीं. नाडकर्णी मूळ नाशिकचे, पुणे विद्यापीठाच्या व महाराष्ट्राच्या संघांतून पुढें आलेले. तेव्हां वडिलांना हा पराक्रम घरचाच वाटे, यांत नवल नाहीं.

मुंबईच्या दुसऱ्या सामन्यांत स्मिथ यांच्या पथकाची दैना झाली. कोणाचें बोट मोडलेलें, कोणाचें पोट बिघडलेलें. अकरा गडी उभे करितां करितां पुरेवाट झाली. हेन्री ब्लोफेल्ड नांवाच्या एका वार्ताहरास, प्रसंग पडलाच तर खेळावें लागेल, असें सांगून ठेवण्यापर्यंत वेळ आली होती. तो प्रसंग टळला. परंतु स्ट्यूअर्ट पहिल्याच दिवशीं आजारी पडून मैदानाबाहेर गेले, आणि उरलेल्या दहांवर गाडा हांकावा लागला. आपल्या बाजूनें दुराणी यांनीं 90 आणि आमच्या पुण्याच्या चंदू बोर्डे यांनीं 84 धांवा करून डाव सांवरला. तरीही तो सामना स्मिथ यांनीं हातचा जाऊं दिला नाहीं, अनिर्णित राखला. पुढें कानपूरला फॉलोऑननंतर नाडकर्णी यांनीं नाबाद 122 धांवा केल्या आणि तोही सामना अनिर्णित राहिला. पांचही सामन्यांचा निकाल हाच. रसिकांस ती मालिका रुचली नसेल. पण मोडक्या पथकानें पाय रोवून कसें उभें राहावें, तें तींत दिसलें.

स्मिथ यांनीं 1975 मध्यें बॅट खालीं ठेविली, तेव्हां प्रथम श्रेणींत त्यांच्या नांवावर 39,832 धांवा आणि 69 शतकें जमा होतीं.

त्यांच्या आधीं असा दुहेरी मान मिळविणारे इंग्लंडांत बरेच होऊन गेले. त्यांतले एक, जॉर्ज व्हर्नन, रग्बीचे पांच आणि क्रिकेटचा एक असे आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले, आपला संघ घेऊन हिंदुस्थानांत आले होते. जानेवारी 1890 च्या अखेरीस मुंबईच्या जिमखान्यावर पारशी मंडळींनीं त्यांच्या संघास चार गडी राखून हरविलें. साहेबास त्याच्याच खेळांत हरवितां येतें, असा आत्मविश्वास ज्या विजयांनीं आपल्या लोकांत उत्पन्न केला, त्यांतला हा एक आरंभींचा.

मग ही परंपरा तुटली कां? कारण गूढ नाहीं. विलायतेंत पूर्वीं सृष्टीनेंच वेळापत्रक आंखून दिलें होतें: उन्हाळा क्रिकेटचा, हिंवाळा रग्बीचा. एका खेळाची वेळ संपली कीं दुसऱ्याची सुरू होई. पुढें क्रिकेटचे संघ हिंवाळाभर परदेशीं फिरूं लागले. 1995 मध्यें रग्बीही उघडपणें पैशाचा खेळ झाली. आणि प्रत्येक खेळ माणसाचे बाराही महिने मागूं लागला. न्यूझीलंडचे जेफ विल्सन यांनीं 1993 मध्यें दोन्ही खेळांत देशाची टोपी मिळविली खरी. पण तेथेंही पुढें रग्बीनेंच त्यांचा कबजा घेतला, आणि देशाच्या क्रिकेट संघांत परत येण्यास 2005 साल उजाडलें.

आपल्या देशांत रग्बी नव्हे, पण दुसऱ्या खेळांच्या जोडीनें हा मान मिळविणारे दोघे मद्रासकडचे. कोटा रामस्वामी 1922 मध्यें डेव्हिस चषकासाठीं टेनिस खेळले, आणि चौदा वर्षांनीं, चाळिशींत, कसोटी क्रिकेट. मँचेस्टरला त्यांनीं 40 आणि 60 धांवा केल्या. दुसरे एम्. जे. गोपालन. हे 1934 मध्यें कलकत्त्यास कसोटी सामना खेळले आणि 1935 मध्यें ध्यानचंद यांच्याबरोबर हॉकीच्या संघांतून न्यूझीलंडला गेले. 1936 मध्यें त्यांच्यापुढें दोन वाटा आल्या: हॉकीबरोबर बर्लिनचें ऑलिंपिक, किंवा क्रिकेटबरोबर इंग्लंडचा दौरा. त्यांनीं क्रिकेट निवडलें. इंग्लंडांत त्यांस एकही कसोटी सामना मिळाला नाहीं. आणि तिकडे बर्लिनला आपल्या संघानें जर्मनीस 8 विरुद्ध 1 असें हरवून सुवर्णपदक आणिलें. निवड चुकली, असें आज म्हणणें सोपें आहे. पण ती त्यांची स्वतःची होती, आणि सत्ताविसाव्या वर्षांच्या सुमारास, दोन्ही खेळांत देशाचें नांव लावून झाल्यावर केलेली होती. नववींतल्या मुलास आम्हीं करावयास लावलेल्या निवडीसारखी ती नव्हती.

येथें आम्हांस महाभारतांतला एक शब्द आठवतो. आम्ही पाठशाळेंत संस्कृताचीं चार अक्षरें शिकलों. मॅट्रिकपुढें कॉलेजची पायरी चढलों नाहीं. तेव्हां विद्वानांनीं चूक पोटांत घालावी. अर्जुनास सव्यसाची म्हणतात. सव्य म्हणजे डावा. जो डाव्या हातानेंही बाण सोडूं शकतो, तो सव्यसाची. डावा हात तयार केला म्हणून त्याच्या उजव्याचा नेम ढळला, असें व्यासांनीं कोठें सांगितलेलें नाहीं. मात्र दोन्ही हातांनीं दोन धनुष्यें एकाच क्षणीं ओढण्याचा खुळेपणाही त्यानें केला नाहीं. ज्या वेळीं जो हात कामाचा, त्या वेळीं तो.

आणि पुण्यास दूरचे दाखले कशास हवेत? प्राध्यापक दि. ब. देवधर आपल्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत, आणि महाराष्ट्राचे कर्णधार होऊन त्यांनीं 1939-40 व 1940-41 अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक आणिला. पन्नाशी उलटल्यावर, 1944 मध्यें, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें काढलीं. व्याकरणामुळें त्यांचा खेळ बिघडला नाहीं, कीं खेळामुळें व्याकरण. असा पुरुष ज्या गांवांत शंभरी ओलांडून गेला, त्या गांवच्या मास्तरानें एका मुलास दोन डगरींची म्हण ऐकवावी, हें आमचें आम्हांसच आज लाजिरवाणें वाटतें.

दसरा झाल्यावर, कोजागरीच्या आदल्या दिवशीं, बापलेक पुन्हां आलीं. आम्हीं एक कोरा कागद पुढें घेतला आणि वर्षाचे बारा महिने त्यावर मांडले. आपल्याकडे अडचण अशी कीं, दोन्ही खेळांचे सामने बहुधा हिंवाळ्यांतच येतात आणि त्यांच्या पाठोपाठ परीक्षा. विलायतेस जें वेळापत्रक सृष्टीनें दिलें, तें आपल्यास पेन्सिलीनें आंखावें लागतें. ज्या खेळाचे सामने जवळ, त्याच्या आधीं पंधरा दिवस दुसऱ्यास विश्रांति; परीक्षेच्या महिन्यांत दोन्ही बंद; आठवड्यांत एक दिवस कांहींच नाहीं, नुसती झोंप. हा कागद घेऊन वडिलांनीं दोन्ही शिक्षकांकडे स्वतः जावें. मुलीस मध्यें घालूं नये. सतरा-अठराव्या वर्षीं एक खेळ खालीं ठेवण्याची वेळ आली, तर ती तिचें तिला कळेल, आणि तेव्हां कोणता ठेवावा हें तिनेंच ठरवावें. घरच्यांनीं "आम्ही आधींच सांगत होतों," असें एकदांही म्हणूं नये.

मुलगी कागद निरखून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, पण ते स्मिथ रग्बीचा एकच सामना खेळले, आणि तोही हरले ना?"

"हरले," आम्ही म्हणालों, "पण खेळून हरले."

तिचे वडील खिडकींतून बाहेर पाहत होते. हा कागद मला त्या वर्षीं कां आंखून दिला नाहींत, असें त्यानें विचारलें असतें तर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें विचारलें नाहीं. जातांना वांकून नमस्कार केला, कागदाची नीट घडी करून खिशांत ठेविली, आणि जिना उतरतां उतरतां मुलीस विचारूं लागला कीं, खांबावर सूर मारतांना तूं कोणता हात आधीं टाकतेस.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रश्न असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: मूल दोन खेळ खेळत असेल तर आधीं कागद घ्या, आणि कात्री मागाहून.